डबा केवढा, माप केवढे?

बोटाच्या टोकाला बारीक सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीला टेकवायचा आणि काही सेकंदांत पडद्यावर आकडा उमटतो. घरोघरी पोहोचलेल्या ग्लुकोमीटरचे काम एवढे सोपे दिसते. पण थेंब आणि आकडा यांच्यामध्ये बरीच आकडेमोड होत असते. पट्टीवरच्या रासायनिक क्रियेतून निघालेला अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह मोजायचा, त्याची संख्या करायची, ती संख्या तापमानानुसार दुरुस्त करायची आणि मागच्या नोंदींशेजारी तारीख-वेळेसह साठवायची. हे सगळे नखाएवढ्या चिपवर आणि बटणासारख्या सेलवर, तेही महिनोन्‌महिने.

अशा चिपसाठी प्रोग्राम बहुधा ‘सी’ भाषेत लिहिला जातो. चिपला मात्र ‘सी’ समजत नाही. तिला समजतात फक्त तिच्या स्वतःच्या आज्ञा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम चिपच्या आज्ञांमध्ये उतरवून देणारे सॉफ्टवेअर म्हणजे कंपायलर. हा पडद्यामागचा दुभाषा. त्याने चूक केली, तर ती प्रोग्राम कितीही वेळा वाचला तरी दिसत नाही, कारण लिहिणाऱ्याने लिहिलेले बरोबरच असते. आणि या दुभाष्याला अडखळायला लावणारा एक प्रश्न वरवर अगदी साधा वाटतो : समोरची पूर्ण संख्या नेमकी किती बिटांची आहे?

मीटर फिरून शून्यावर

बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढेच सांगू शकणारी खूण. आठ बिटांत ० ते २५५ या २५६ संख्या मावतात, सोळा बिटांत ६५,५३६. त्यापुढे काय होते, हे जुन्या स्कूटरच्या मीटरने अनेकांना दाखवलेले आहे. पाच आकड्यांचा मीटर ९९,९९९ झाला की पुढच्या किलोमीटरला सगळी चाके फिरून ००,००० होतात. स्कूटर काही नवी होत नाही, पण मीटर तसे म्हणतो. संगणकातील संख्यांचेही असेच आहे. आठ बिटांच्या जागेत २५५ मध्ये एक मिळवला की शून्य येते. धोक्याचा दिवा लागत नाही, यंत्र थांबत नाही. चुकीची संख्या घेऊन काम पुढे चालू राहते.

याची किंमत वैद्यकीय क्षेत्राने मोजलेली आहे. थेराक-२५ हे कॅनडात तयार झालेले किरणोपचार यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यातून सहा रुग्णांना किरणांची प्रचंड मात्रा गेली. त्यातला शेवटचा अपघात जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे घडला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यामागचे कारण सविस्तर मांडलेले आहे. यंत्राची जुळणी तपासणारा प्रोग्रामचा भाग पुन्हा पुन्हा चालत असे आणि दर फेरीला आठ बिटांच्या एका संख्येत एक मिळवत असे. ती संख्या शून्य नसेल, तर ‘अजून तपासणी हवी’ असा अर्थ ठरलेला होता. पण दर २५६ व्या फेरीला तीच संख्या फिरून शून्य होई आणि त्या क्षणापुरती तपासणीच टळे. यंत्र चालवणाऱ्याने नेमक्या त्याच क्षणी बटण दाबले. यंत्राचा भाग चुकीच्या जागी असताना पूर्ण ताकदीचा किरणझोत सुटला. तो रुग्ण काही महिन्यांत दगावला. दुरुस्ती अगदी छोटी होती : दर वेळी एक मिळवण्याऐवजी त्या जागी शून्य नसलेली एक ठरावीक संख्या ठेवणे.

थेराकचा प्रोग्राम थेट यंत्राच्या आज्ञांत लिहिलेला होता. त्यात कंपायलरचा संबंध नव्हता. पण या घटनेतून दिसते ते असे, की संख्या कुठे फिरून शून्यावर येते हे माहीत असणे ही किरकोळ बाब नाही. प्रोग्राम कंपायलरमार्फत उतरवला जातो, तेव्हा ही माहिती अचूक ठेवण्याची जबाबदारी कंपायलरवरही येते.

आठाच्या पटीची सवय

आजच्या संगणकांत संख्यांची मापे ठरून गेली आहेत : ८, १६, ३२, ६४. प्रत्येक माप आधीच्या दुप्पट. ही मापे निसर्गाने दिलेली नाहीत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० मध्ये पूर्ण केलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाचा शब्द ४० बिटांचा होता. त्याच संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाचा शब्द ४८ बिटांचा. डिजिटल इक्विपमेंटचा पीडीपी-१० हा संगणक ३६ बिटांचा होता. १९६४ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम-३६० या संगणकमालिकेने आठ बिटांचा बाइट रूढ केला आणि हळूहळू सगळे जग आठाच्या पटीत मोजू लागले.

कंपायलर लिहिणाऱ्यांनाही तीच सवय लागली. संख्या मेमरीत चार बाइट जागा घेते, म्हणजे ती ३२ बिटांची असणार. आठ बाइट घेते, म्हणजे ६४ बिटांची. ‘जागा किती’ आणि ‘किंमत किती बिटांची’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे विसरले तरी चालत होते, कारण दोन्हींचे उत्तर नेहमी एकच येत असे. कंपायलरच्या लाखो ओळींत कुठे एक प्रश्न विचारलेला असे, कुठे दुसरा. परिणाम सारखाच होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

अडीच शेर धान्य, चार शेरांचा डबा

ही सवय उघडी पाडली ती छोट्या चिपनी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची एमएसपी-४३० ही चिप अत्यल्प विजेवर चालते. त्यामुळे विजेचे मीटर, संवेदक आणि हातात मावणारी वैद्यकीय उपकरणे यांच्यासाठी ती सोयीची. ही चिप मुळात १६ बिटांची, म्हणजे तिला मेमरीतील ६५,५३६ बाइटांपर्यंतचेच पत्ते सांगता येतात. पुढे उपकरणांतले प्रोग्राम मोठे झाले आणि एवढी जागा अपुरी पडू लागली. थेट ३२ बिटांवर जायचे, तर चिप मोठी होणार आणि वीज जास्त खाणार. कंपनीने मधला मार्ग काढला : पत्ते २० बिटांचे केले. आता १०,४८,५७६ बाइटांपर्यंत पोहोचता येऊ लागले, आणि चिप तशीच काटकसरी राहिली.

वीस बिट म्हणजे अडीच बाइट. ही चिप असा पत्ता मेमरीत ठेवताना चार बाइटांची जागा घेते आणि उरलेले बारा बिट शून्य ठेवते. अडीच शेर धान्य चार शेरांच्या डब्यात ठेवावे, तसे. डब्याकडे बघून आत चार शेर आहे असे समजणारा फसणार, आणि बिचारा कंपायलर आजवर डब्याकडे बघूनच माप सांगत आला होता.

मग दोनच वाटा उरत. पत्ता १६ बिटांचा मानावा, तर वरचे चार बिट गळतात. पत्ता क्रमांक ७०,००० मधून ६५,५३६ वजा होतात आणि उरतो ४,४६४. प्रोग्राम भलत्याच घरात शिरतो. ही कल्पनेतली भीती नव्हे. या चिपच्या २० बिटांच्या रजिस्टरमध्ये १६ बिटांच्या आज्ञेने काही लिहिले, की वरचे चार बिट पुसले जातात. तिची रचनाच तशी आहे. दुसरी वाट म्हणजे पत्ता ३२ बिटांचा मानावा. मग गळती होत नाही, पण प्रत्येक पत्त्यासाठी एकाऐवजी दोन रजिस्टर अडतात आणि जी बेरीज एका आज्ञेत झाली असती तिला दोन आज्ञा लागतात. प्रोग्राम फुगतो, चिप जास्त वेळ जागी राहते, सेल लवकर उतरतो. ज्या काटकसरीसाठी २० बिटांचा खटाटोप केला, तीच हातची जाते.

एकाच बेरजेची दोन उत्तरे

त्याहून नाजूक अडचण वेगळीच आहे. चांगला कंपायलर भाषांतर करता करता काही आकडेमोड स्वतःच उरकून टाकतो. प्रोग्राममध्ये ‘साठ गुणिले साठ’ असे लिहिले असेल, तर चिपला तो गुणाकार करायला लावण्याऐवजी तो सरळ ३,६०० लिहून मोकळा होतो. पण कंपायलर चालतो अभियंत्याच्या टेबलावरच्या ६४ बिटांच्या संगणकावर, आणि प्रोग्राम चालणार असतो २० बिटांच्या चिपवर.

आता २० बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या घेऊ : १०,४८,५७५. तिच्यात एक मिळवला, तर चिपच्या हिशेबाने उत्तर शून्य येते. कंपायलरने हीच बेरीज ३२ बिट धरून आधीच करून ठेवली, तर उत्तर येते १०,४८,५७६. म्हणजे बेरीज कंपायलरने केली की चिपने केली, यावर उत्तर बदलणार! प्रोग्राममध्ये एखादी ओळ मागेपुढे झाली, कंपायलरला ‘जरा जास्त वेगवान प्रोग्राम तयार कर’ असे सांगितले, की कालपर्यंत बरोबर चालणारे उपकरण आज वेगळे वागू लागते. अशी चूक शोधणे फार जिकिरीचे, कारण शोधायला बसले की ती अनेकदा दडून बसते.

यावर उपाय एकच : कंपायलरने स्वतःच्या संगणकाची बोटे बाजूला ठेवून, ज्याच्यासाठी भाषांतर करायचे त्याच्या बोटांवर मोजायला शिकणे.

जीसीसी हा मुक्त वापराचा, जगभर वापरला जाणारा कंपायलर १९८७ पासून विकसित होत आला आहे. त्यात या दिशेने दोन मोठे बदल झाले. पूर्वी तो स्वतःच्या आकडेमोडीसाठी प्रत्येक संख्या दोन ठरावीक खणांत ठेवत असे. जास्तीत जास्त १२८ बिट. २०१४ मध्ये ही रचना बदलली आणि प्रत्येक संख्येसोबत तिचे नेमके माप ठेवण्याची पद्धत आली. जणू प्रत्येक डब्यावर आतल्या मालाची चिठ्ठी लागली. दुसरा बदल एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत दिसला. तोवर नेहमीच्या मापांखेरीज १२८ बिटांच्या संख्येची तेवढी सोय कंपायलरमध्ये जागोजागी हाताने लिहून ठेवलेली होती. ती काढून, ज्या चिपला जे माप हवे ते तिने कळवावे, अशी सर्वसाधारण सोय केली गेली. एमएसपी-४३० ने २० कळवले. त्यासाठी जिथे जिथे ‘जागा किती’ असे विचारले होते, तिथे ‘किंमत किती बिटांची’ असे विचारायला लावणाऱ्या कितीतरी बारीक दुरुस्त्या कराव्या लागल्या. एकेक दुरुस्ती ओळभराची, पण कोणत्या ओळीत कोणता प्रश्न अभिप्रेत आहे हे ठरवणे हेच खरे काम होते.

हातचा डावीकडेच जातो

काही चिप विचित्र मापाच्या संख्यांसाठी खास आज्ञा देतात, बहुतेक देत नाहीत. मग कंपायलर २४ बिटांची संख्या ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये ठेवतो आणि वरचे आठ बिट रिकामे राहतात. त्या आठ बिटांत आधीच्या कामाचा कचरा उरला तर?

उत्तर प्राथमिक शाळेतल्या उभ्या बेरजेत आहे. बेरीज करताना हातचा नेहमी डावीकडे जातो, उजवीकडे कधीच येत नाही. त्यामुळे डावीकडच्या स्तंभात कचरा असला, तरी उजवीकडचे अंक बरोबरच येतात. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांना म्हणून वरच्या कचऱ्याची फिकीर नसते. भागाकाराचे तसे नाही. तो डावीकडून सुरू होतो. दोन संख्यांची तुलनाही डावीकडून होते. अशा क्रियांच्या आधी वरचे बिट पुसून घ्यावे लागतात. दर वेळी पुसले तर वेळ फुकट जातो. पुसायचे राहिले तर उत्तर चुकते. कुठे पुसायचे आणि कुठे नाही, हे ओळखण्यात कंपायलरची हुशारी आहे.

पुसतानाही ऋण संख्यांचे भान ठेवावे लागते. ईसीजीच्या यंत्रांसाठी बनवलेल्या अनेक चिप हृदयाचे क्षीण विद्युतसंकेत २४ बिटांत मोजतात. रेषा शून्याच्या किंचित खाली गेली आणि संख्या उणे एक झाली, तर तिचे चोवीसही बिट ‘एक’ असतात. ही संख्या ३२ बिटांच्या जागेत ठेवताना वरच्या आठ बिटांतही ‘एक’ भरावे लागतात. तिथे शून्ये भरली गेली, तर उणे एकची होते १,६७,७७,२१५. रेषेवरचा किंचित उतार आकाशाला भिडलेला सुळका होतो. आणि हीच संख्या मेमरीत तीन बाइटांत ठेवायची असताना चार बाइट लिहिले गेले, तर शेजारच्या संख्येचा एक बाइट खराब होतो.

२४ हे माप ध्वनीच्या क्षेत्रातही जुने आहे. मोटोरोलाच्या ५६००० या ध्वनिसंकेतांवर काम करणाऱ्या चिपमध्ये संख्या २४ बिटांच्या होत्या आणि बेरजा साठवण्याची जागा ५६ बिटांची. विचित्र वाटणाऱ्या या ५६ मागे सरळ हिशेब आहे. २४ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार ४८ बिटांत मावतो. वर आणखी आठ बिट दिले की असे २५६ गुणाकार न सांडता एकत्र मिळवता येतात. गरजेतून निघालेले माप नेहमीच दुपटीच्या पाढ्यात बसते असे नाही.

नेमके माप सांगण्याची मुभा

एलएलव्हीएम या दुसऱ्या मोठ्या कंपायलर-प्रकल्पाने ही गोष्ट लवकर मान्य केली. ख्रिस लॅटनर यांनी २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, कंपायलरच्या अंतर्गत भाषेत कोणत्याही मापाची पूर्ण संख्या चालते : १ बिट, १३ बिट, ३६ बिट, अगदी काही दशलक्ष बिटसुद्धा. पण लिहिता येणे वेगळे आणि बरोबर उतरवता येणे वेगळे. फार मोठ्या संख्यांचा भागाकार चिपच्या आज्ञांत उतरवण्याची सोय बरीच वर्षे नव्हती, आणि त्यामुळे ‘सी’ लिहिणाऱ्यांना दिलेली मर्यादा काही काळ १२८ बिटांवरच थांबली होती.

ही मुभा थेट ‘सी’ भाषेत यावी, असा आग्रह इंटेलमधील अभियंत्यांनी धरला, तो एफपीजीए या प्रकारच्या चिपमुळे. या चिपच्या आतली मंडले गरजेनुसार जुळवता येतात, त्यामुळे तिथे प्रत्येक बिटाला खरोखरीची जागा लागते. गुणाकाराचे मंडल ढोबळमानाने बिटांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ बिटांसाठी १२ गुणिले १२, म्हणजे १४४. ३२ बिटांसाठी १,०२४. केवळ भाषेत १२ म्हणायची सोय नाही म्हणून ३२ वापरले, तर सातपट जागा अडते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सी’च्या नव्या प्रमाणकात ‘बिट-इंट’ नावाने ही सोय अधिकृतपणे आली. प्रोग्राम लिहिणारा आता ‘ही संख्या १२ बिटांची’ असे सांगू शकतो, आणि कंपायलरला ते पाळावे लागते.

एका बिटाची परीक्षा

कंपायलर हे सगळे बरोबर करतो, हे ठरवायचे कसे? २०११ मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सीस्मिथ’ हे साधन वापरून यादृच्छिक प्रोग्राम तयार केले, ते वेगवेगळ्या कंपायलरना दिले आणि उत्तरे ताडून पाहिली. त्यातून आधी माहीत नसलेल्या ३२५ हून अधिक चुका सापडल्या. तपासलेल्या प्रत्येक कंपायलरने कधी ना कधी गुपचूप चुकीचे भाषांतर केलेले आढळले. या सगळ्या चुका रोजच्या वर्दळीच्या वाटेवरच्या होत्या. आडवाटेवर किती कमी पावले पडतात, याचा अंदाज त्यावरून यावा.

२०१५ मध्ये ‘अलाइव्ह’ नावाच्या साधनाने दुसरी पद्धत पुढे आणली. कंपायलर प्रोग्राम सुधारताना ‘असे दिसले तर तसे लिही’ अशा शेकडो नियमांवर चालतो. संशोधकांनी एलएलव्हीएममधले तीनशेहून अधिक नियम गणिती सिद्धतेने तपासले. त्यांतले आठ चुकीचे निघाले.

अशा तपासणीत विचित्र मापे अडचण न राहता मदतनीस होतात. नियम ३२ बिटांना लागू पडतो, म्हणून प्रत्येक मापाला लागू पडेलच असे नाही. सर्वांत कडक परीक्षा घेते ती सर्वांत लहान संख्या. चिन्हासहित एका बिटात फक्त दोन संख्या मावतात : शून्य आणि उणे एक. तिथे ‘एक’ ही संख्याच नाही! ‘एक मिळवा’, ‘एकाने भागा’ असे म्हणणारा नियम तिथे कोलमडू शकतो. शिवाय चार बिटांच्या दोन संख्यांच्या सगळ्या मिळून २५६ च जोड्या होतात. त्या एकेक करून तपासता येतात. ३२ बिटांच्या जोड्या तशा तपासणे व्यवहारात शक्य नाही.

ग्लुकोमीटरच्या पडद्यावर उमटणारा आकडा यातले काहीच सांगत नाही, आणि त्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही. वापरणाऱ्याला तो बरोबर असला म्हणजे झाले. तो बरोबर येतो, त्यात चिप बनवणाऱ्यांचा वाटा आहे, प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा आहे, आणि डबा केवढा आहे हे बघून न थांबता आत माल किती आहे हे प्रत्येक ठिकाणी विचारायला कंपायलरला शिकवणाऱ्यांचाही आहे.